पान सहाची दुरुस्ती

आजच्या समारंभाचं अध्यक्षपद भूषवणारे आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय श्री. चंद्रप्रकाश धुरू, आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. विमला तळपदे, व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आणि उद्यापासून माझं काम सांभाळणाऱ्या प्रा. क्षमा गावंड, माझे सहकारी प्राध्यापक, ज्यांचं नाव पत्रिकेत नेहमी तळाला असतं म्हणून मी मुद्दाम मध्ये घेतो आहे ते आपले शिपाई, कारकून आणि ग्रंथालयातली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसलेल्या माझ्या सौभाग्यवती माणिकबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मघापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मी दोनदा मागे वळून पाहिलं, माझ्यामागे दुसरं कोणी उभं आहे का. शाल सुरेख आहे. पण आज एकतीस जुलै आहे, आपण मालाडात आहोत आणि व्यासपीठावरचा पंखा फक्त अध्यक्षांपुरता फिरतो. त्यामुळे ती घडी करून खुर्चीवर ठेवली, त्यात अनादर नाही.

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. खाली बटाटेवडे तळायला घेतलेत, वास इथपर्यंत आलेला आहे. तेव्हा मी लांबण लावणार नाही. अर्थात असं म्हणणारा माणूस लांबण लावतोच, हे माझ्या वर्गात बसलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

खरं सांगू का? मी दमलो आहे. शिकवून नाही दमलो. मुलांनी मला कधी दमवलं नाही, अगदी शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा. मी दमलो आहे ते एका गोष्टीबद्दल नऊ वर्षं शाबासकी घेऊन. आणि आज ती शाबासकी फ्रेम करून मिळाली, तेव्हा म्हटलं, आता बोलावं. उद्या मला माईक कोण देणार आहे?

आत्ता ऋतानं जे मानपत्र वाचलं, ते तुम्ही ऐकलंत. ऋता सध्या आपल्या ‘दवंडी’ची संपादक आहे आणि मुलगी गुणी आहे. मानपत्र तिनं लिहिलं, आणि ते तिनं जुन्या फायली नीट वाचून लिहिलं. म्हणजे यात तिची काही चूक नाही. ऋता, हे आधीच सांगून ठेवतो, पुढचं ऐकून मान खाली घालू नकोस. मान खाली घालायची असेल तर ती मी घालीन.

त्या मानपत्रात एक वाक्य आहे. ‘सरांनी ज्यांचा आवाज कुठेच ऐकू येत नव्हता अशांना दवंडीचं व्यासपीठ दिलं. मढच्या किम्बर्ली परेरा हिचा “आमची चांदणी” हा हृद्य लेख त्याची साक्ष आहे.’ मग लेखातली ओळसुद्धा आहे. ‘आजोबांनी बांधलेली चांदणी आमच्या घरावर टांगली की सगळ्या गल्लीत उजेड पडतो.’ तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ओळ आहेच टाळ्यांची.

हा लेख किम्बर्लीनं लिहिलेला नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नव्या मुलांना काही माहीत नसेल. ‘दवंडी’ हे आपल्या महाविद्यालयाचं विद्यार्थ्यांचं पाक्षिक. आठ पानांचं. जिन्याखालच्या खोलीत ते तयार होतं, आणि ती खोली पूर्वी झाडू ठेवायची होती, हे तिथे बसलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. मी चौऱ्याण्णव साली इथे मराठी शिकवायला रुजू झालो आणि पहिल्याच वर्षी ‘दवंडी’ माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली हा तेव्हाचा शब्द. नंतर ती गळ्यातला ताईत झाली, तो भाग वेगळा.

सत्त्याण्णव साली एक मुलगा माझ्याकडे आला. तो म्हणाला, सर, तुमच्या संपादक मंडळातली सगळी पोरं तीन सोसायट्यांमधून येतात. मी हसलो. मग त्या दिवशी संपादक मंडळाची यादी घेऊन बसलो, आणि हसू गेलं. तीन नव्हे, दोनच सोसायट्या होत्या. आडनावं बघाल तर माझ्या लग्नाच्या पंगतीतली वाटावीत.

मला लाज वाटली. मनापासून वाटली, हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते त्या लाजेतूनच झालं. मी एक वही केली. लाल पुठ्ठ्याची, लांब, हिशेबाला वापरतात तसली. वर्षाचे अठरा अंक लिहिले, प्रत्येक अंकासमोर त्या पंधरवड्यातला सण किंवा जयंती लिहिली, आणि प्रत्येक सणासमोर त्या त्या समाजाच्या एका विद्यार्थ्याचं नाव. नाताळ आला की ख्रिस्ती मुलगा लिहील. चौदा एप्रिलला बौद्ध मुलगा लिहील. ईदला मुसलमान मुलगी लिहील. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातलं कोणी. पतेती, महावीर जयंती, गुरुपर्व, कोणी सुटता कामा नये. सगळ्यांना आपलं एक पान. पान सहा.

जूनमध्ये मुलं आली की मी ही नावं भरायचो. लेख आधी आला तर तो पाकिटात घालायचा, पाकिटावर सणाचं नाव लिहायचं, आणि त्या अंकाची जुळवणी करायच्या दिवशी उघडायचं. ही पद्धत मला फार आवडायची. बाकीची महाविद्यालयं आमच्याकडे बघायला यायची. एका चर्चासत्रात मी या वहीवर निबंध वाचला, आणि जेवणाच्या रांगेत लोक मला थांबवून वहीबद्दल विचारत होते.

आता मला एक सांगा. उरलेली सात पानं कोण लिहीत होतं? परीक्षेचा घोळ, कॅन्टीनचे भाव, क्रिकेटची निवड, नाटकाचं परीक्षण, अग्रलेख? ते सगळं आमची मुलं लिहीत होती. ‘आमची’ हा शब्द मी तेव्हा वापरत होतो आणि मला तो खटकत नव्हता. त्या मुलांना वर्षभर मतं असायची. बाकीच्यांना वर्षातून एकदा सण असायचा.

हे मला कोणी सांगितलं नाही, असंही नाही. एक विद्यार्थिनी म्हणाली होती की सर, मला मॅचबद्दल लिहायचंय. मी म्हटलं, अगं, मॅचबद्दल कोणीही लिहील, ईदबद्दल तुझ्याइतकं आतून कोण लिहिणार? तिला वाटलं मी कौतुक करतोय. मलाही तेच वाटलं.

तर किम्बर्ली. दोन हजार सोळा साली ती दुसऱ्या वर्षाला होती. मढच्या ख्रिस्ती वस्तीतली. घरात मराठीच बोलतात, आईचा मासळीचा धंदा, वडील शूटिंगच्या बंगल्यावर रखवालदार. सकाळी सातच्या व्याख्यानाला ती पाचला घर सोडायची. बोलायला कमी, लिहायला नेटकी. जूनमध्ये मी वहीत लिहिलं, वीस डिसेंबर, नाताळ, किम्बर्ली परेरा. तिला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं.

अठरा नोव्हेंबरला ती जिन्याखालच्या खोलीत आली. हातात चार कागद, घडी घातलेले. मी म्हटलं, नाताळचं ना, शाब्बास, महिनाभर आधी. तिनं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला आज आठवत नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. मी पाकिटात कागद घातले, वर ‘नाताळ’ लिहिलं आणि खणात टाकलं.

आठवड्यानं ती परत आली. मला पक्कं आठवतंय, मी वर्गाकडे निघालो होतो. तिनं विचारलं, सर, ते जरा लवकर नाही का येणार? मी म्हटलं, घाई कशाला गं, तुझं पान राखून ठेवलंय. तिला वाटलं, सरांनी वाचलंय आणि सर सांभाळून बोलतायत. नंतर तिनंच मला तसं सांगितलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलं आजारी पडायला लागली. आधी दोन, मग पाच. कावीळ. सतरा तारखेला, शनिवारी, मी अंक जुळवायला बसलो आणि पाकीट उघडलं.

आत नाताळ नव्हता. आत बातमी होती. आपल्या महाविद्यालयाच्या गच्चीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीची बातमी. टाकीचं झाकण पावसाळ्याआधीपासून तुटलेलं, चौदा महिने ती धुतलेली नाही, आत मेलेलं कबुतर होतं ते काढलं आणि तेच पाणी तसंच सोडलं. तारखा होत्या. टाकी धुण्याच्या नोंदीची वही तिनं बघितली होती, त्यात चौदा महिने एकही सही नव्हती. हे सगळं तिला कळलं होतं अल्फान्सोकडून. अल्फान्सो आपल्याकडे नळाची कामं करायचे, ते मढचे, तिच्या शेजारचे. दोन वेळा त्यांनी ऑफिसात सांगितलं होतं. नळवाल्याचं ऐकतो कोण?

मुलांनो, ‘दवंडी’तल्या माझ्या एकतीस वर्षांत इतकी चोख बातमी दुसऱ्या कोणी आणलेली नाही. मी हे खुशीनं सांगत नाही. ती बातमी एकोणतीस दिवस माझ्या खणात होती.

आता तुम्ही म्हणाल, मग छापायची होती. हो. छापायची होती. मी खुर्चीत बसून राहिलो. माझ्या डोक्यात पहिला विचार मुलांचा आला नाही, हे मी आज कबूल करतो. पहिला विचार आला की कागदावर तिनं तारीख घातली आहे, अठरा नोव्हेंबर. छापलं तर लोक विचारतील, महिनाभर हे कोणाकडे होतं? फेब्रुवारीत मूल्यांकन समिती यायची होती. तेव्हाच्या प्राचार्यांनी ‘दवंडी’ची फाइल सगळ्यात वर ठेवायला सांगितलं होतं.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की टाकीबद्दल तक्रार आली आहे. कोणाची, ते सांगितलं नाही. बावीस तारखेला टाकी धुतली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. तोवर अकरा मुलं आजारी पडलेली होती. कोणाला कशामुळे झालं हे कोणी सिद्ध केलं नाही, करायला कोणी बसलंही नाही. पण टाकी धुतल्यावर महिनाभरानंतर नवं कोणी आजारी पडलं नाही, एवढं मला माहीत आहे.

त्या वर्षीचा संपादक मिहिर होता. तो वीस दिवस इस्पितळात होता. आंतरविद्यापीठ वक्तृत्व स्पर्धेला त्याला दिल्लीला जायचं होतं, ते राहिलं. मिहिर आज इथे आलाय, दुसऱ्या रांगेत आहे, पत्नीला घेऊन आलाय. मघाशी त्यानं वाकून मला नमस्कार केला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मिहिर, कार्यक्रम संपल्यावर निघून जाऊ नकोस. तुझ्याशी मला वेगळं बोलायचंय, आणि तू काय म्हणशील ते ऐकायचंय.

पाणी देता का कोणी? नाही, हे आहे इथे. धन्यवाद. पाणी मागताना मला अजून कसंतरी होतं.

तर शनिवारी पान सहा रिकामं होतं. वहीत लिहिलेलं होतं, नाताळ, किम्बर्ली परेरा. मी जुन्या अंकांची फाइल काढली. दोन हजार नऊ सालच्या डिसेंबरात ऑस्टिन परेरा नावाच्या मुलानं ‘आमची चांदणी’ लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. मी ते टाइप करायला दिलं. वाक्यं थोडी हलवली. आणि खाली नाव टाकलं किम्बर्ली परेरा.

मला वाटलं होतं कोणीतरी बोट ठेवेल. प्रुफं वाचणारी मुलं, सहकारी, ऑस्टिनला शिकवलेले दोन प्राध्यापक तर तेव्हा इथेच होते. कोणी काही म्हटलं नाही. दोघांनी येऊन लेख आवडल्याचं सांगितलं. तेव्हा मला हायसं वाटलं. आज वाटतं, त्या लेखाची खरी परीक्षा तीच होती. नाताळचा लेख कोणीही लिहो, कधीही लिहो, आम्ही तो वाचतच नव्हतो. तो आहे एवढं बघत होतो.

फेब्रुवारीत समिती आली. समितीच्या अहवालात ‘दवंडी’च्या सर्वसमावेशकतेबद्दल चार ओळी आल्या आणि चौथ्या ओळीत ‘आमची चांदणी’ होतं. आपल्या महाविद्यालयाला वरची श्रेणी मिळाली. पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पण त्याआधी, जानेवारीच्या पहिल्या सोमवारी, ती आली होती. तिच्या हातात अंक होता. ती खोलीच्या दाराशीच उभी राहिली, आत आली नाही.

ती म्हणाली, “सर, हा ऑस्टिनचा आहे. माझा चुलतभाऊ तो.”

मला हे माहीत नव्हतं. एका गावात परेरा पुष्कळ, म्हणून मी विचारही केला नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो की वेळ नव्हता, पान रिकामं राहिलं असतं.

“आजोबा चार वर्षांपूर्वी गेले, सर. तुम्ही त्यांना परत चांदणी बांधायला बसवलंत.”

मी म्हटलं की चुकून झालं. ती म्हणाली की काकीनं अंक वाचला. ऑस्टिनच्या आईनं. गावात सगळ्यांना सांगितलं की किम्बर्लीनं ऑस्टिनचं लिखाण चोरून आपल्या नावावर छापलं. नाताळाच्या दिवशी दोन घरांत बोलणं झालं नाही. आई मासळी घेऊन काकीच्या दारावरून जाते, काकी आत निघून जाते.

मग तिनं मागितलं काय, तर फक्त दोन ओळी. ‘दवंडी’त शेवटच्या पानाच्या तळाला आपण दुरुस्ती छापतो, तारीख चुकली, नाव चुकलं तर. तेवढीच. “माझी बातमी नका छापू, सर. फक्त हा लेख माझा नाही एवढं छापा. गावात मी चोर झालेय.”

मी म्हटलं, बघतो.

मराठीत ‘बघतो’ या शब्दाइतका सोयीचा शब्द नाही. तो शब्द वापरून मी नऊ वर्षं काढली. पुढच्या अंकाला म्हटलं, समिती येऊन जाऊ दे. समिती गेल्यावर म्हटलं, आता अहवालात आलंय, आता कसं छापणार? जूनमध्ये म्हटलं, ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, विसरली असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. ती जिन्याखालच्या खोलीत परत कधी आली नाही. ‘दवंडी’त तिनं पुन्हा एक ओळ लिहिली नाही. वर्गात यायची, बाकावर बसायची, हजेरी द्यायची. तिची पदवी झाली आणि ती गेली.

गेल्या महिन्यात निवृत्तीचे कागद आवरताना ते पाकीट सापडलं. सापडलं म्हणणंही खोटंच आहे. ते कुठे आहे हे मला रोज माहीत होतं. मी घरी गेलो आणि माणिकबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, आणि विचारलं, “मग एकतीस तारखेला हार कसला घालून घेताय?” हार घातला गेला, तो तुम्ही पाहिलाच.

मग मी किम्बर्लीला फोन केला. नंबर मिळवायला चार दिवस लागले. ती आता सांताक्रूझला विमानतळाजवळ मालवाहतुकीच्या एका ऑफिसात काम करते. पत्रकार झाली नाही. मी नाव सांगितलं. तिनं अगदी नीट, आदरानं विचारलं, सर, तब्येत कशी आहे? तो आदर मला सहन झाला नाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे सर. ठीक आहे म्हणजे माफ केलं असं नव्हे, एवढं मराठी मला येतं. मी म्हटलं की तुझी टाकीची बातमी आता छापू का? ती म्हणाली, नको, आता ती बातमी नाही, तेव्हा होती. काकीबद्दल विचारलं. काकी दोन वर्षांपूर्वी वारल्या. शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. ऑस्टिन बोलतो, तो दुबईला असतो, त्याला सगळं ठाऊक आहे, त्याच्या आईला त्यानं सांगून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, छापलेलं खोटं कसं असेल?

छापलेलं खोटं कसं असेल. सभागृहातल्या प्रत्येक पत्रकारितेच्या विद्यार्थ्यानं हे वाक्य लिहून घ्यावं. माझ्या एकतीस वर्षांत मी तुम्हाला याच्याइतकं महत्त्वाचं काही शिकवलेलं नाही, आणि हेही मी शिकवलेलं नाही.

शेवटी मी विचारलं की दुरुस्ती छापू का? मागे तिच्या ऑफिसात कोणीतरी तिला हाक मारत होतं. मग म्हणाली, “छापा. पण नाताळाच्या अंकात नको, सर. डिसेंबरात आम्ही असतोच. कुठल्याच सणाच्या अंकात नको.”

मी वही काढली. जूनपासून एप्रिलपर्यंत अठरा अंक तपासले, प्रत्येक अंकासमोर बोट ठेवून. पंधरा ऑगस्ट, गणपती, ईद, नवरात्र, दिवाळी, गुरुपर्व, नाताळ, संक्रांत. एकही अंक रिकामा नव्हता. मी स्वतःच अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकही रिकामा ठेवलेला नव्हता.

म्हणून, अध्यक्ष महोदय, मी हे भाषण त्या कामाला वापरतो आहे. आपण मला कार्यक्रमाआधी म्हणालात की कारखानीस, चार गोड आठवणी सांगा. आपली निराशा झाली असेल, त्याबद्दल मी दिलगीर आहे. प्राचार्या बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या तेव्हा इथे नव्हत्या. त्यांच्याकडे बोट दाखवू नये, ही विनंती.

ऋताची कल्पना होती की ती लाल वही मी आज समारंभपूर्वक क्षमाताईंच्या हाती द्यावी आणि मग ती ग्रंथालयात काचेच्या कपाटात ठेवावी. तिच्यावर मखमलीचं कापडही टाकून ठेवलंय, ते बघा तिथे. ऋता, तुझ्या भावनेबद्दल मी आभारी आहे. पण ती वही मी घरी नेतो. क्षमाताई, तुम्हाला वही लागणार नाही. मुलं खोलीत आली की त्यांना काय लिहायचंय ते विचारा, आणि सांगतील तेव्हा ऐका. एवढी एकच सूचना करतो, आणि तीही करायचा मला अधिकार नाही, हे जाणतो.

आता आभार. वक्ता शेवटी आभार मानतो आणि काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या म्हणतो. आभार मी मनापासून मानतो. संस्थेचे, माझ्या सहकाऱ्यांचे, जिन्याखालच्या खोलीत घामाघूम होऊन अंक काढणाऱ्या सगळ्या मुलांचे, आणि सकाळपासून चार मजले खुर्च्या चढवून आणणाऱ्या शिपायांचे. अल्फान्सो आता नाहीत. त्यांचे आभार तेव्हाच मानायला हवे होते.

पण कमीजास्त पदरात घ्या, हे मी आज म्हणणार नाही. ते कोणी पदरात घेऊ नये. माझी फक्त एवढीच विनंती आहे की आत्ता मी जे वाचणार आहे ते ऋतानं शब्दशः लिहून घ्यावं, आणि येत्या अंकात पहिल्या पानावर छापावं. येता अंक पंधरा ऑगस्टचा आहे, मला माहीत आहे. म्हणून आदल्या दिवशी, चौदाला, या दुरुस्तीचा अंक काढा, त्यावर झेंडा छापू नका, एक पानाचा काढा, पण वेगळा काढा. वाचतो.

‘दुरुस्ती. वीस डिसेंबर दोन हजार सोळाच्या “दवंडी”त पान सहावर “आमची चांदणी” हा लेख किम्बर्ली परेरा यांच्या नावाने छापला आहे. तो त्यांनी लिहिलेला नाही. तो ऑस्टिन परेरा यांनी दोन हजार नऊ साली लिहिला होता. किम्बर्ली परेरा यांनी तो चोरला नाही, मागितला नाही, पाहिलाही नव्हता. त्यांनी महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीची बातमी आणून दिली होती. ती बातमी खरी होती. ती संपादन-प्रमुख विद्याधर कारखानीस यांनी न वाचता पाकिटात ठेवली, आणि वाचल्यावर छापली नाही. ही दुरुस्ती छापायला नऊ वर्षं उशीर झाला आहे. तोपर्यंत जिने ती वाचायला हवी होती ती बाई वारली.’

एवढंच.

क्षमाताई, हे ते पाकीट. यावर माझ्या अक्षरात ‘नाताळ’ लिहिलंय, ते मी खोडलेलं नाही. घ्या. आणि खणात ठेवू नका. इथेच उघडा.